एनआयसीयूतल्या बाळाला रक्त द्यायचं ठरलं, तर घरच्यांनी काय काय करायचं

डॉक्टरांनी ‘बाळाला रक्त द्यावं लागेल’ म्हटलं की बाबांचा हात आधी मोबाइलकडे जातो. पंधरा वर्षं पुण्यातल्या एनआयसीयूंमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांमध्ये, नर्स म्हणून काम करतेय, आणि हे काही बदललेलं नाही. ग्रुपवर ‘अर्जंट ब्लड हवंय’ असा मेसेज पडतो, हडपसरपासून तळेगावपर्यंत फिरतो, आणि तासाभरात हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये दहा-बारा पोरं गाड्या लावून उभी राहतात. सगळ्यांची मनं चांगली. पण आत बाळाला हवं असतं जेमतेम पंधरा मिली रक्त, आणि काम अडलेलं असतं आईच्या दोन-तीन मिलीच्या सॅम्पलपाशी. ते आणायचं कुणाच्या डोक्यातच आलेलं नसतं.

म्हणून हा लेख. पार्किंगमधल्या बाबांसाठी, टाके सांभाळत वॉर्डात पडलेल्या आईसाठी, आणि दोघांच्या मधे खेपा घालणाऱ्या मामा-आत्यांसाठी. रक्त द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवणार. त्याच्या आधी, ते चालू असताना आणि नंतर घरच्यांच्या हातात जे असतं, ते क्रमाने सांगते.

आधी एवढं समजून घ्या: बाळाच्या अंगात रक्त असतंच किती

वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या शरीरात किलोमागे साधारण ९० ते १०० मिली रक्त असतं. म्हणजे ९०० ग्रॅमच्या बाळाचं सगळं रक्त अमृततुल्यातल्या चहाच्या एका छोट्या कपात मावेल. त्यातून तपासणीसाठी १ मिली काढलं, तर एक टक्क्याहून जास्त रक्त गेलं. पहिल्या आठवड्यात ब्लड गॅस, साखर, सीआरपी, कावीळ अशा तपासण्या होतच राहतात, आणि थोडं थोडं करत बरंच रक्त जातं.

दुसरीकडे नवीन रक्त तयार होत नाही. रक्त बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक या बाळांमध्ये फार कमी असतं. मोठ्या माणसाची लाल पेशी १२० दिवस टिकते, या बाळांची त्याच्या निम्मीसुद्धा टिकत नाही. लोहाचा साठा आईकडून शेवटच्या तीन महिन्यांत मिळायचा असतो, तो मिळण्याआधीच बाळ बाहेर आलेलं असतं. शिवाय बाळ भराभर वाढत असतं. त्यामुळे चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास हिमोग्लोबिन सगळ्यात खाली जातं. याला वेळेआधीच्या बाळांचा ॲनिमिया म्हणतात. आईनं गरोदरपणात पालेभाज्या कमी खाल्ल्या म्हणून हे झालेलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय, कारण काचेपलीकडे उभ्या असलेल्या सासूबाईंच्या तोंडून ते मी फार वेळा ऐकलंय, आणि ते ऐकून आयांचं दूध आटतानाही पाहिलंय.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

संमतीचा फॉर्म समोर आला की सही करायच्या आधी तीन गोष्टी विचारा. आजचं हिमोग्लोबिन किती? बाळाला श्वासाचा आधार किती लागतोय? आणि किती मिली देणार आहात? हे विचारल्याचा डॉक्टरांना राग येत नाही. मला तर असं विचारणारे पालक आवडतात.

हिमोग्लोबिन एकाच आकड्याला आलं की रक्त द्यायचं, असं नसतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत अगदी लहान बाळांसाठी ढोबळमानानं अशी मर्यादा दिली आहे: पहिल्या आठवड्यात बाळ व्हेंटिलेटर किंवा सीपॅपवर (नाकातून दाबानं हवा देणाऱ्या यंत्रावर) असेल तर हिमोग्लोबिन ११ च्या खाली आणि आधार लागत नसेल तर १० च्या खाली, दुसऱ्या आठवड्यात अनुक्रमे १० आणि ८.५, तिसऱ्या आठवड्यापासून पुढे ८.५ आणि ७. रक्तस्राव, ऑपरेशन किंवा जंतुसंसर्गामुळे खालावलेली तब्येत असेल तर डॉक्टर याहून वेगळा निर्णय घेऊ शकतात, तो त्यांना घेऊ द्या.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. २०२० मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेतला, १८२४ बाळांचा. दुसरा युरोपातला, १०१३ बाळांचा. सगळी १ किलो किंवा त्याहून कमी वजनाची. निम्म्या बाळांना हिमोग्लोबिन थोडं उतरताच रक्त दिलं, निम्म्यांच्या बाबतीत आणखी थांबले. मुलं दोन वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर मृत्यू आणि मेंदूच्या वाढीतले दोष दोन्हीकडे जवळपास सारखेच. म्हणून ‘शेजारच्या बेडच्या बाळाला दोनदा दिलं, आमच्या बाळाला अजून एकदाही नाही’ अशी तुलना करून जीव जाळून घेऊ नका. थांबण्यात हयगय नसते.

आणखी एक गोष्ट पहिल्या रक्ताच्या आधीच सांगायची: घरात कुणाला थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा जी-सिक्स-पीडीची कमतरता, असा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे का. नवजात बाळाची स्क्रीनिंग टेस्ट करायची असेल तर तिचं सॅम्पल रक्त देण्याआधी घेतात. एकदा दुसऱ्याच्या पेशी अंगात गेल्या की यातल्या काही तपासण्यांचे निकाल भरवशाचे राहत नाहीत आणि पुन्हा करण्यासाठी तीन-चार महिने थांबावं लागतं. बाळ अगदीच गंभीर असेल तर अर्थात यासाठी कुणी थांबत नाही.

आईचं सॅम्पल आणि आईचं नाव

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिले चार महिने बाळाचं शरीर रक्तगटाच्या अँटिबॉडीज, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, सहसा स्वतः बनवत नाही. त्याच्या रक्तात ज्या असतात त्या आईकडून नाळेवाटे आलेल्या. त्यामुळे रक्तपेढी बाळाच्या सॅम्पलसोबत आईचंही सॅम्पल मागते आणि पिशवीतलं रक्त दोघांशी जुळवून पाहते. आईच्या सॅम्पलवर अँटिबॉडीची तपासणी करता येते, म्हणजे बाळाच्या अंगातून तेवढं रक्त काढावं लागत नाही. छोट्या कपातला एक घोट वाचतो.

आई त्याच हॉस्पिटलमध्ये असेल तर प्रश्न नाही. पण पुण्याच्या एनआयसीयूंमध्ये कितीतरी बाळं बाहेरून येतात. बारामतीला, शिरूरला, दौंडला सिझर होतं, बाळ अँब्युलन्सनं पुण्याला आणि आई तिकडेच. तुमचं असं झालं असेल तर ‘रक्त लागेल’ असं कुणी म्हणायची वाट पाहू नका. बाळ निघतानाच तिथल्या सिस्टरना सांगा, ‘आईचं एक जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं सॅम्पल द्या.’ काही रक्तपेढ्या सोबत लाल झाकणाच्या ट्यूबमधलंही मागतात. ट्यूबवर आईचं पूर्ण नाव, तारीख, वेळ आणि सॅम्पल घेणाऱ्याची सही हवी. आईचा गट निगेटिव्ह असेल आणि तिला अँटी-डीचं इंजेक्शन दिलं असेल, तर ते कधी दिलं हेही चिठ्ठीवर लिहून घ्या. नाहीतर रक्तपेढीच्या तपासणीत ती अँटिबॉडी दिसते आणि ती इंजेक्शनची की आईच्या शरीरात तयार झालेली, हे शोधण्यात अर्धा दिवस जातो.

आता नावाचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. आधारवर माहेरचं नाव, केसपेपरवर सासरचं, आणि घाईत सॅम्पलवर कुणीतरी तिसरंच, हाक मारायचं नाव लिहिलेलं. एका रात्री असंच झालं होतं. शिरूरहून बाबा मोटारसायकलवर सॅम्पल घेऊन आले, रात्रीचे अडीच, स्वेटरच्या खिशात रुमालात गुंडाळलेली ट्यूब. त्यांनी ती माझ्या हातात अशी दिली, जणू बाळच देतायत. ट्यूबवरचं नाव आणि आमच्या फॉर्मवरचं नाव वेगळं. रक्तपेढीनं सॅम्पल परत पाठवलं. बाबा माझ्यावर चिडले, ‘अहो, एकच बाई आहे ती!’ त्यांचं खरं होतं, आणि रक्तपेढीचंही खरं होतं, कारण चुकीच्या माणसाचं सॅम्पल जुळवून रक्त दिलं तर बाळ जाऊ शकतं. ते पुन्हा शिरूरला गेले आणि सकाळी नऊला परतले. सुदैवानं बाळ तोवर तग धरून होतं. तेव्हापासून मी प्रत्येक बाहेरच्या बाळाच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगते: आईचं एकच नाव ठरवा आणि सगळ्या कागदांवर तेच लिहा.

जुळी असतील तर आणखी जपा. दोन्ही बाळं एकाच आईच्या नावानं ‘बेबी ऑफ’ म्हणून नोंदलेली असतात, फरक फक्त ‘ट्विन वन’ आणि ‘ट्विन टू’ एवढाच. फॉर्म हातात आला की हा शब्द आणि बाळाचा नोंदणी क्रमांक दोन्ही वाचा. आमच्याही डोळ्यांवर झोप असते. तुम्ही वाचलंत तर आम्हाला मदतच होते.

‘माझंच रक्त घ्या ना’

हे प्रत्येक बाबा म्हणतो. आणि त्याला नाही म्हणताना माझा घसा दाटतो, कारण त्या क्षणी बाळासाठी करण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काहीच नसतं.

तरी नाहीच. कारणं दोन. गरोदरपणात आईच्या शरीरानं बाबांच्या लाल पेशींविरुद्ध अँटिबॉडीज बनवलेल्या असू शकतात. त्या बाळाच्या रक्तात उतरलेल्या असतात आणि बाबांच्या पेशी आल्या की त्यांच्यावर तुटून पडतात. दुसरं कारण जास्त गंभीर. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाळाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, म्हणून ते त्यांना मारत नाही. पण त्या पेशींना बाळ परकं वाटतं. त्या तिथे ठाण मांडतात आणि बाळाच्याच शरीरावर हल्ला करतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर बहुतेकदा बाळ वाचत नाही. काका, मामा, आजोबा, सगळ्यांना हेच लागू. नातेवाइकाचं रक्त देण्यावाचून पर्यायच नसेल, तर ते रेडिएशन दिलेलंच असावं लागतं.

आईनंही रक्त द्यायचं नाही. बाळंतपणानंतर आणि अंगावर पाजताना रक्तदान करू देत नाहीत. तिनं दूध द्यावं, तेच तिचं मोठं दान.

बाबांनी रक्त द्यावं, जरूर द्यावं, पण ते रक्तपेढीच्या साठ्यासाठी. वय १८ ते ६५, हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि मागच्या रक्तदानाला ९० दिवस झालेले असले तर देता येतं. त्या दहा-बारा पोरांनाही हेच सांगा: सगळ्यांनी आज एकदम नको, दोघांनी आज, बाकीच्यांनी पुढच्या काही आठवड्यांत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत कॉलेजं बंद असली की शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढ्यांचे फ्रीज रिकामे होतात. तेव्हा दिलेली पिशवी खरी कामाला येते. पैसे घेऊन रक्त देणारा कुणी पार्किंगमध्ये गाठ पडला तर त्याच्या नादी लागू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून त्यावर बंदी आहे.

रक्तपेढीत काय मागायचं

मोठ्या हॉस्पिटलांची स्वतःची रक्तपेढी असते, तिथे तुम्हाला कुठे जावं लागत नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये बाळ असेल तर फॉर्म आणि सॅम्पल घेऊन बाहेरच्या रक्तपेढीत जावं लागतं. निघण्याआधी फोन करा. ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर कुठे कोणत्या गटाचा साठा आहे ते दिसतं, पण त्यावर भिस्त न ठेवता फोनवर खात्री करा.

फॉर्मवर डॉक्टर ‘पीसीव्ही’ लिहितात, म्हणजे प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) काढून उरलेल्या घट्ट लाल पेशी. शेजारी तीन शब्द लिहिलेत का पाहा: ‘ल्युकोरिड्यूस्ड’, म्हणजे पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं, ‘इरॅडिएटेड’, म्हणजे रेडिएशन दिलेलं, जिथे सोय असेल तिथे, आणि ‘पेडी बॅग’. यातला तिसरा शब्द घरच्यांनी आवर्जून विचारावा असा आहे. एकाच दात्याच्या रक्ताच्या तीन-चार छोट्या पिशव्या करता येतात. बाळाला आज १५ मिली लागलं आणि दहा दिवसांनी पुन्हा लागलं, तर त्याच दात्याची दुसरी पिशवी देता येते. चार वेळा रक्त, पण दाता एकच. ‘आमच्या बाळाच्या नावानं बाकीच्या पिशव्या राखून ठेवता येतील का?’ एवढं विचारा. रक्तपेढीला शक्य असेल तर ठेवतात.

‘अगदी आजचं ताजं रक्त हवं’ असा हट्ट मात्र धरू नका. कॅनडात ३७७ लहान बाळांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सात दिवसांच्या आतलं रक्त देऊन नेहमीच्या साठ्यातल्या रक्तापेक्षा काही फायदा दिसला नाही. पूर्ण रक्त बदलायचं असेल, ऑपरेशन असेल, तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर स्वतःच ताजं मागतात.

गट वेगळा दिसला म्हणून बिचकू नका. बाळ बी पॉझिटिव्ह आणि पिशवी ओ, असं चालतं, कारण ते रक्त आई आणि बाळ दोघांशी जुळवलेलं असतं.

रक्त नेताना रक्तपेढी देते त्याच बॉक्समध्ये न्या. हँडलला पिशवी अडकवून नाही, बर्फाला चिकटवूनही नाही, बर्फ लागून पेशी फुटतात. वाटेत जेवायला थांबू नका. गणपतीत लक्ष्मी रोड आणि आजूबाजूचे रस्ते बंद असतात, तेव्हा निघतानाच कुठून जायचं ते ठरवा. हॉस्पिटलमध्ये आल्यावर बॉक्स थेट सिस्टरच्या हातात द्या, रिसेप्शनवर ठेवू नका.

पैशांचं थोडक्यात. रक्ताची किंमत घेता येत नाही, फक्त तपासणी आणि प्रक्रियेचा खर्च घेता येतो. ल्युकोरिड्यूस्ड किंवा इरॅडिएटेड असेल तर तो वाढतो. पावती घ्या. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात रक्त मोफत आहे. खासगीत असाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. तिथल्या समाजसेवा विभागात पहिल्याच आठवड्यात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा, बिल फुगल्यावर नाही.

रक्त चालू असताना

किलोमागे साधारण १० ते २० मिली रक्त तीन-चार तासांत देतात. ९०० ग्रॅमच्या बाळाला पंधराच्या हिशेबानं साडेतेरा मिली. ते सिरिंजमध्ये भरून पंपाला लावतात. पंपावर ताशी साडेचार मिलीचा आकडा असतो. रक्त इतकं हळू जातं, की नळीतून बाळाच्या घोट्यापाशी पोचलेली गडद लाल रेघ पुढे सरकतेय की नाही, हे पाहायला आया स्टुलावरून वाकून बघत बसतात. सरकत असते. रक्त चार तासांच्या आत संपवायचं असतं. उरलं तर टाकून देतात, ते वाया गेलं म्हणून हळहळू नका.

सुरू करण्याआधी आमच्यातल्या दोघांनी मिळून पिशवीचा क्रमांक, गट, मुदत आणि बाळाच्या पायातला बँड ताडून पाहायचा असतो. तुम्ही तिथे असाल तर तुमच्यासमोर मोठ्यानं वाचायला सांगा. पहिल्या पंधरा मिनिटांत सिस्टर बाळापासून हलत नाही, नंतर ठरावीक वेळानं तापमान, नाडी, श्वास, ऑक्सिजन लिहून ठेवते. बाळाची साखरही बघावी लागते, कारण रक्ताच्या नळीतून ग्लुकोज देत नाहीत आणि नस एकच असेल तर तेवढा वेळ ग्लुकोज बंद असतं. तुम्हाला बाळाचा रंग बदललेला, अंगावर पुरळ, नळी लावलेल्या जागी सूज किंवा डायपरवर लालसर लघवी दिसली, तर तेव्हाच हाक मारा. ‘सिस्टर कामात आहेत’ म्हणून थांबू नका.

काही युनिट या काळात दूध बंद ठेवतात, काही चालू ठेवतात. बंद ठेवलं तरी आईनं दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहायचं. ते साठवून ठेवता येतं.

कधी लाल पेशींऐवजी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, लागतात. त्या २५ हजारांच्या खाली गेलेल्या नसतील आणि रक्तस्राव नसेल तर डॉक्टर बहुतेकदा थांबतात. २०१९ च्या ६६० बाळांच्या अभ्यासात ५० हजारांच्या खाली गेल्या की लगेच प्लेटलेट दिलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव २६ टक्के बाळांत झाला, थांबलेल्या गटात १९ टक्के. जास्त दिलं म्हणजे जास्त काळजी घेतली, असं नाही, हे मी या आकड्यांवरून शिकले.

पुढच्या वेळी रक्त कमी लागावं म्हणून

राउंडला डॉक्टरांना विचारा, ‘आजच्या सगळ्या टेस्ट एकाच वेळी, एकाच टोचणीत होतील का?’ लहान ट्यूब वापरल्या की प्रत्येक वेळी काही थेंब वाचतात. पुढचं बाळंतपणही वेळेआधी होण्याची भीती असेल, तर प्रसूतीच्या डॉक्टरांशी आधीच बोला: बाळाची तब्येत ठीक असेल तर नाळ किमान अर्धा ते एक मिनिट थांबून बांधावी. तेवढ्यात नाळेतलं रक्त बाळाकडे येतं आणि पुढे रक्त देण्याची गरज कमी होते.

घरी जाताना

डिस्चार्ज कार्डवर रक्त किती वेळा दिलं आणि कोणत्या तारखांना, हे लिहून घ्या. ओ गटाचं रक्त दिलं असेल तर काही आठवडे बाळाच्या गटाचा रिपोर्ट चुकीचा किंवा मिश्र येऊ शकतो. शाळेच्या फॉर्मवर लिहायचा गट चार-सहा महिन्यांनी पुन्हा तपासून मगच पक्का धरा. डोळ्यांची आरओपीची (वेळेआधीच्या बाळांना होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराची) तपासणी जन्मानंतर महिन्याच्या आत व्हायला हवी, अगदी लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. घरी जायच्या आनंदात ही तारीख चुकवू नका, उशीर झाला तर नजर जाते.

लोहाचे थेंब बहुतेक बाळांना दोन ते चार आठवड्यांपासून सुरू होतात, मात्रा वजनावर ठरते. वजन वाढलं की मात्राही बदलून घ्यावी लागते, आणि दोन महिने जुन्या चिठ्ठीवरचाच डोस चालू ठेवणारी घरं मी खूप पाहिलीत. थेंब दिल्यावर शी काळसर होते, त्यानं घाबरून औषध बंद करू नका. बाळ दूध ओढताना दमायला लागलं, घाम येऊ लागला, आठवडाभर वजन वाढलं नाही किंवा तळहात पांढुरके दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा आणि हिमोग्लोबिन करून घ्या.